खाली सह्या करणारे

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडला जात नाही, सापडतो. वार्षिक सभेला जो उशिरा येतो किंवा ज्याला पटकन नाही म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात माळ. २०१२ ते २०१७ अशी पाच वर्षं ती माझ्या गळ्यात होती. यंदा ती एका तिशीतल्या मुलीच्या गळ्यात पडली आणि तिने पहिलं काम काय केलं, तर जुन्या सगळ्या सेक्रेटरींकडून कागदपत्रं मागवली. माझ्याकडे एका कपाटाची किल्ली आणि तीन फायली निघाल्या. देण्याआधी एकदा चाळून घ्याव्यात म्हणून दुपारी बसलो. पाण्याच्या टाकीची गळती, लिफ्टचा वार्षिक करार, गच्चीवर कुणी वाळत घातलेली सोलं (हा विषय तब्बल चार पत्रं चालला होता!) आणि मध्येच तो अर्ज.

"खाली सह्या करणारे आम्ही सर्व रहिवासी आपणांस नम्रपणे कळवू इच्छितो की..."

भाषा माझी. माझं मराठी बरं आहे असा सोसायटीत समज आहे, त्यामुळे अर्ज, श्रद्धांजली आणि गणपतीच्या वर्गणीची सूचना ही तीन कामं कायम माझ्याकडे. तारीख ऑगस्ट २०१५ ची. आठ मुद्दे, बेचाळीस सह्या, पहिली माझी. सातवा मुद्दा मला तेव्हा फार साधला होता असं आठवतं: "वसाहतीची निवासी शांतता व मुलाबाळांची सुरक्षितता यांना बाधा पोचण्याची साधार भीती." 'साधार' हा शब्द घालायला मी अर्धा तास घेतला होता.

अर्ज कशाविरुद्ध होता ते आता सांगायला हवं.

आमची इमारत पणजीला लागून आहे. शेजारी दोन हजार चौरस मीटरचा तुकडा कित्येक वर्षं मोकळा पडला होता. तीन आंबे, एक बुजलेली विहीर, बाकी रान. मालकीण एक वयस्क भाटकारीण. मुलं बाहेरदेशी. तिने तो तुकडा एका धर्मादाय ट्रस्टला द्यायचं ठरवलं. तिच्या घरात कुणीतरी बरीच वर्षं मनाने आजारी होतं, एवढंच आमच्या कानावर आलं. ट्रस्टच्या मुख्य एक निवृत्त डॉक्टरबाई होत्या. त्या स्वतःहून आमच्याकडे आल्या. शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं, म्हणाल्या. गच्चीवर सभा घेतली, चहा केला.

त्यांची योजना त्यांनी एका कागदावर आकडे मांडून समजावली होती. तो कागदही अर्जाला टाचलेला सापडला, 'सोबत जोडला आहे' म्हणून. त्यामुळे मी आठवणीवर विसंबून सांगत नाही.

जागा दोन हजार चौरस मीटर. तिथे एफएआर ८०, म्हणजे बांधता येणार सोळाशे चौरस मीटर. त्याचे तीन वाटे. पहिला दोनशे मीटरचा: आठ खोल्या, एक सामाईक स्वयंपाकघर, एक बसायची जागा. या खोल्या अशा लोकांसाठी, ज्यांचा आजार औषधाने आटोक्यात आहे पण ज्यांना घरी नेणारं कुणी नाही. रात्रंदिवस एक माणूस सोबतीला, स्वयंपाकाला एक बाई, आठवड्याला एकदा डॉक्टर. त्यांना बाई 'आधाराच्या खोल्या' म्हणत. दुसरा वाटा सहाशे चाळीस मीटरचा: चाळीस-चाळीस मीटरचे सोळा लहान फ्लॅट, परिचारिका, दुकानातले नोकर, कदंबचे ड्रायव्हर यांच्यासाठी, बांधकामाला जो खर्च येईल त्याच भावात. तिसरा सातशे साठ मीटरचा: पंचाण्णव मीटरचे आठ मोठे फ्लॅट, बाजारभावाने, ज्याला हवा त्याला.

मग पैशाचा हिशेब. बांधकामाचा खर्च त्यांनी चौरस मीटरला पंचवीस हजार धरला होता. म्हणजे सगळी इमारत चार कोटींत. मोठे फ्लॅट पासष्ट हजारांनी विकले तर जवळपास चार कोटी चौऱ्याण्णव लाख. लहान फ्लॅटचे एक कोटी साठ लाख. एकूण साडेसहा कोटींच्या वर. खर्च, कर, परवाने जाऊन दोनेक कोटी उरतील, ते ठेवीत टाकायचे. तेव्हा ठेवीला आठ टक्के मिळत. वर्षाला सोळा लाख. त्यात आठ माणसांची सोबत, जेवण, औषधं.

मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. हिशेब मला तेव्हाही बरोबर वाटला होता. कारण यात गोम एकच आहे, आणि ती घर घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. सिमेंट, लोखंड, गवंडी यांचा खर्च पणजीत काय नि डिचोलीत काय, फार वेगळा नसतो. फ्लॅट महाग होतो तो त्याच्या खालच्या जमिनीमुळे. जमीन फुकट मिळाली की पंचवीस हजारांचं घर पंचवीस हजारांनाच देता येतं, आणि वर जे पासष्ट हजारांना विकलं त्यातला फरक ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या डोक्यावर छप्पर धरतो. मुंबईत १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना याच तत्त्वावर चालते: झोपडीवाल्याला फुकट घर, त्याचा खर्च त्याच जागेवर बांधलेल्या विक्रीच्या इमारतीतून. पहिल्यांदा २२५ चौरस फूट होतं, मग २६९ झालं, मग ३००. तिथे बिल्डर फरक खातो, पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि त्यांच्यात उजेड शिरत नाही, हे मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. इथे फरक खायला कुणी नव्हतं.

सभेत मात्र हिशेबाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

पहिला प्रश्न पार्किंगचा आला. दुसरा पाण्याचा. उन्हाळ्यात आम्हालाच टँकर मागवावा लागतो, तर यांना कुठून येणार? तिसरा सेप्टिक टँकचा. मग कुणीतरी हळूच मुलींचं काढलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काम बरें, पूण हांगा नाका." खरं म्हणजे सभा तिथेच संपली, कारण प्रत्येकाच्या मनात नेमकं तेच वाक्य होतं. फ्लॅटचे भाव उतरतील हे कुणीही मोठ्याने बोललं नाही. ते सगळ्यांनी खाली जिन्यात बोलून घेतलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी एवढीच विनंती की एकदा येऊन त्या माणसांना भेटा." आम्ही हो म्हटलं. गेलं कुणीच नाही. आठवड्याने मी अर्ज लिहिला. एक प्रत पंचायतीला, एक नगरनियोजन खात्याला, एक त्या भाटकारणीला. शेवटच्या प्रतीनेच काम झालं. म्हाताऱ्या बाईला शेजाऱ्यांशी भांडण नको होतं. तिने हात आवरला. दीड वर्षाने जागा विकली गेली.

आता तिथे सोळा फ्लॅटची इमारत आहे. सगळे तीन बेडरूमचे, खाली पोहण्याचा तलाव. २०१९ साली पुरी झाली. रात्री आठ वाजता आमच्या बाल्कनीतून दिवे मोजले तर चार, कधी पाच. चवथीला नाही, नाताळला सहा-सात. टँकर मात्र नियमाने येतो, कारण तलावाला पाणी लागतं. राखणदार आसामकडचा मुलगा आहे. तो जिन्याखाली पत्रा लावून राहतो. सोळा फ्लॅटपैकी अकरा रिकामे आणि राखणदार जिन्याखाली!

यात त्या इमारतीचा वेगळा असा दोष काही नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातली सुमारे सव्वा लाख घरं रिकामी निघाली होती, म्हणजे पाचातलं एक. लोकसंख्या साडेचौदा लाख. त्याच गणनेत शहरात राहणाऱ्यांचं प्रमाण ६२ टक्के, देशातल्या सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे आपण सगळे शहराकडे सरकलोय, घरं हजारोंनी बांधली जाताहेत, आणि तरीही ज्याला राहायचंय त्याला घर नाही. प्रादेशिक आराखडा २०११ जनतेने रस्त्यावर उतरून २००७ च्या जानेवारीत मागे घ्यायला लावला, ते आपल्याला अभिमानाने आठवतं. पुढे २०१८ साली नगरनियोजनाच्या कायद्यात १६ ब आलं, २०२३ ला १७(२), २०२४ ला ३९ अ, जमिनीचा वापर तुकड्या-तुकड्याने बदलायच्या वाटा. त्यावर भांडणं झाली, कोर्टकज्जे झाले. पण त्या सगळ्या गदारोळात इमारतीत राहणार कोण, हा प्रश्न मी फारसा ऐकला नाही. डोंगर कापू नका, शेत बुजवू नका, हे आम्ही म्हणतो आणि ते म्हणायलाच हवं. कापलेल्या डोंगरावर एखाद्या नर्सला घर मिळालं का, हे विचारत नाही.

असो. हे सगळं मला कुणाला शिकवायचं नाही. अर्ज माझा आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात आमची थोरली आत्ये गेली, आणि धाकटे काका माझ्या घरी आले.

धाकटे काका माझ्याहून चारच वर्षांनी मोठे. फोंडा महालातल्या आमच्या गावच्या घरात आम्ही एकाच चटईवर वाढलो. ते घर म्हणजे चौकी, तिच्या चारी बाजूंनी सोपे, मागे कुळागर, आणि माणसं मोजायची तर जेवणाच्या पानांवरून मोजायची. त्यात दोन विधवा आत्ये होत्या, शिक्षणासाठी ठेवलेला एक लांबचा मुलगा होता, एक म्हातारे गृहस्थ होते ज्यांचं नातं मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि धाकटे काका. विशीत त्यांचं डोकं बिघडलं. गावात 'पिसो' म्हणत. पुढे डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं. औषधं सुरू झाल्यावर ते बरे असत. पहाटे चारला उठायचे, विहिरीचं पाणी काढायचे, तुळशीला घालायचे, सुपाऱ्या सोलायचे, दिवेलागणीला समई लावायचे. दिवसभर कुणाशी चार वाक्यं. पण त्यांच्या गोळ्या घशाखाली गेल्या की नाही हे आत्ये बघायची, आणि ती बघतेय हे ते बघायचे.

मी त्या घराचं गोडवं गाणार नाही. त्या दोन आत्यांना त्या घराने काय दिलं हे मला माहीत आहे. मागच्या दारचा सोपा आणि जन्मभराचं रांधणं. आणि घराच्या बाहेर, भाटातल्या मुंडकारांची घरं होती, ज्यांना कायद्याचं संरक्षण मिळेपर्यंत आमच्या आजोबांनी 'ऊठ' म्हटलं की उठावं लागलं असतं. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना आपापल्या घराची जागा विकत घ्यायचा हक्क दिला, पंचायत हद्दीत तीनशे चौरस मीटरपर्यंत, शहरात दोनशे. आमच्या घरात त्यावर मोठा त्रागा झाला होता. गोव्यात गरिबाच्या घरासाठी त्याहून मोठं काम कुठल्या कायद्याने केलं असेल असं मला वाटत नाही.

२००४ साली आमचं इन्व्हेंतार झालं. वाटण्या झाल्या. धाकट्या काकांच्या नावावरही रीतसर एक खोली, कुळागराची एक पट्टी आणि विहिरीच्या पाण्याचा वाटा आला. कागदावर ते मालक होते! पण त्या कागदात भात कोण शिजवणार हे लिहिलेलं नव्हतं. आम्ही पुतणे सहा. पणजी, मडगाव, वास्को, पुणे, मस्कत, टोरोंटो. सहा जणांचे मिळून सहा फ्लॅट आणि त्यांत बेडरूम पंधरा. मी एकदा मोजल्या आहेत.

माझ्या फ्लॅटमध्ये त्यांना हॉलमधला दिवाण दिला. आमच्या हिने मनापासून केलं, तिला बोल नाही. पण पहाटे चारला उठणारा माणूस इतकी वर्षं जमिनीवर राहिलेला, त्याने तिसऱ्या मजल्यावर करायचं काय? ते दार उघडून जिन्यात फिरत. तुळशीला पाणी घालायचंय म्हणून शेजारच्या दाराची बेल वाजवत. दोनदा, तीनदा. मग एका संध्याकाळी त्या वेळचे चेअरमन माझ्याकडे आले. फार सज्जन गृहस्थ. बसले, पाणी प्यायले, आणि चाचरत म्हणाले, "भाई, राग मानू नका, पण लोक म्हणतात मुलाबाळांची सुरक्षितता..."

त्यांच्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं.

पुढचं लांबवत नाही. जागा बदलली, गोळ्या चुकल्या, काकांचा आजार उलटला आणि त्यांना बांबोळीला ठेवावं लागलं. सात आठवड्यांत ते सावरले. सोडताना तिथल्या तरुण डॉक्टरने मला समोर बसवून सांगितलं की यांना आता इस्पितळाची गरज नाही. यांना घराची गरज आहे आणि गोळी बघणाऱ्या एका माणसाची. मी म्हटलं, घर आहे. तो म्हणाला, "तसलं न्हय." त्याला काय म्हणायचंय ते मला नीट कळत होतं. डॉक्टरबाईंच्या कागदावर त्याचं क्षेत्रफळसुद्धा लिहिलेलं होतं.

मग सुरू झाला शोध. वृद्धाश्रमांना फोन केले. जागा आहे म्हणत, मग आजाराचं नाव सांगितलं की जागा संपे. मी रागावलो नाही, मला ते बोलणं पाठ होतं. याच काळात मानसिक आरोग्याचा नवा कायदा वाचला. २०१७ चा, २०१८ मध्ये अंमलात आला. त्याचं १९ वं कलम म्हणतं की अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि घरच्यांनी नाकारलं, घरच नाही किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणाने त्याला इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. घरी राहणं शक्य नसेल तर सरकारने मधली घरं, चार जणांनी मिळून राहायची घरं उभी करावीत किंवा उभी करणाऱ्यांना मदत द्यावी. फार चांगलं कलम आहे. पण कायदा घर 'उभं करा' म्हणतो तेव्हा ते कुठल्या तरी प्लॉटवर उभं करावं लागतं, आणि प्रत्येक प्लॉटच्या शेजारी एक सोसायटी असते.

त्या दिवसांत मला मुंबईची फार आठवण यायची. १९७३ ते ७९ मी तिथे बँकेत कारकून होतो. आमच्यासारखे गोव्याचे हिंदू गिरगावात. खानावळीत जेवण आणि चाळीत एका खोलीत सहा जण. बँकेतला माझा एक मित्र सासष्टीचा ख्रिस्ती होता, तो धोबीतलावाला त्यांच्या गावच्या कुडीत राहायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कूड म्हणजे खोली. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपापली कूड केलेली असे, मुख्यतः तारवटींसाठी. जेर महालात तर अशा कितीतरी कुडी एकाच इमारतीत होत्या. मी एका संध्याकाळी गेलो होतो. एक लांबलचक खोली, भिंतीला लागून पेट्याच पेट्या, पेटीपुढची जागा तेवढी ज्याची त्याची, कोपऱ्यात आल्तार. तेर्साच्या वेळी सगळ्यांनी हजर राहायचं हा नियम. महिन्याला अगदी किरकोळ पैसे. बोटीवरून उतरलेला, खिशात पगार असलेला माणूस आणि वर्षभर बोट न मिळालेला माणूस शेजारी-शेजारी झोपत. आजारी पडला तर गावचाच कुणीतरी पेज करून देई. बायका-मुलांना मात्र जागा नाही, आणि कायमचं राहायचं नाही. महालातला गरीब शेजारी वगैरे भाबडेपणा त्यात नव्हता. चोख व्यवहार होता. गावाला माहीत होतं की आपली माणसं शहरात जाणार, तर शहरात त्यांच्यासाठी अंग टेकायला जागा हवी, ती दुसरं कुणी करणार नाही.

१९१५ साली गावदेवीत सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी, तीही याच जाणिवेतून. आणि आपला गोवा हिंदू असोसिएशन, १९१९ ला मुंबईत सुरू झाला, १९७० ला 'नटसम्राट' रंगभूमीवर आणलं. घर हरवलेल्या म्हाताऱ्याचं ते नाटक बघून सगळा महाराष्ट्र रडला. पण संस्था रडवून थांबली नाही. बांदोड्याला तिने वृद्धांसाठी स्नेहमंदिर उभं केलं. मला ही गोष्ट नाटकाहून मोठी वाटते. पण एकेका संस्थेने एकेक असं घर बांधून एका राज्याची गरज भागत नाही.

सरकारने कधी काही केलंच नाही असंही नाही. १९६८ च्या कायद्याने गोव्याला गृहनिर्माण मंडळ मिळालं. पर्वरीला, मडगावात गोगळला 'हाउसिंग बोर्ड' म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. अल्प उत्पन्न, मध्यम उत्पन्न, उच्च उत्पन्न असे गट होते, आणि त्या वसाहतींत शिपाई, मास्तर, ओव्हरसियर, इंजिनियर यांची मुलं एका मैदानात खेळली. माझा मडगावचा चुलतभाऊ तिथलाच. आज तिथल्या अल्प उत्पन्न गटातल्या घराचा भाव विचारून बघा. महाराष्ट्राने २०१३ साली मोठ्या शहरांत नियम केला की चार हजार मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधताना २० टक्के लहान घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची. नियमाला पळवाटा निघतात, तिथेही निघाल्या. पण पळवाट शोधायला आधी नियम लागतो. जीएसटीच्या हिशेबात ४५ लाखांपर्यंतचं घर 'परवडणारं' धरलेलं आहे. २०१९ पासून त्याला एकच टक्का कर. आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या बाईला मी हे एकदा सांगितलं. ती हसली नाही, तिला वाटलं मी चुकून साडेचार म्हणायच्या ऐवजी पंचेचाळीस म्हणालो.

काकांचं शेवटी असं झालं. फोंड्याच्या बाजूला, आमच्या गावापासून तीन मैलांवर, एका ओळखीच्या घरातला पुढचा सोपा आणि दोन खोल्या आम्ही सहा पुतण्यांनी भाड्याने घेतल्या. घरमालकीण स्वयंपाक करते आणि गोळ्या बघते. त्याचे वेगळे पैसे. काकांबरोबर आणखी एक गृहस्थ आहेत, निवृत्त मास्तर, त्यांचंही तसंच. महिन्याचा खर्च सहा जणांत वाटला तर जाणवत नाही. अंगणात तुळस आहे. २०१९ च्या एप्रिलपासून ते तिथे आहेत आणि त्यानंतर एकदाही इस्पितळात जावं लागलेलं नाही. आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत. मी महिन्यातून दोनदा जातो. निघताना ते दर वेळी विचारतात, "आमी घरा केन्ना वतले?" गावचं घर पावसाने पडून गेलं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मास्तरांनी सांगितलं असेल कदाचित.

आम्हा सहा जणांपैकी दोघे परदेशात कमावणारे आहेत म्हणून हे जमलं. घरमालकीण पासष्टीची आहे. ती थकली की पुढे काय, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

तर त्या फायली. संध्याकाळी नवी सेक्रेटरी न्यायला आली. हुशार मुलगी. उभ्याउभ्याच कागद उलटत होती. अर्जापाशी थांबली आणि म्हणाली, "काका, हा मसुदा छान आहे. मी स्कॅन करून ठेवते. मागच्या गल्लीत नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृह येणार म्हणतात, सी-विंगवाल्यांनी अर्ज करायला सांगितलंय."

मी तिला बसायला सांगितलं. म्हटलं, त्याला टाचलेला मागचा कागद आधी वाच. तिने डॉक्टरबाईंचे आकडे वरून खालपर्यंत वाचले, मग मोबाईल काढून बेरजा करून बघितल्या. मी चहा ठेवायला आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा ती अर्जातला पहिला मुद्दा आणि मागचा कागद शेजारी-शेजारी धरून बसली होती. "काका, पार्किंगचं तुम्ही लिहिलंय. या आठ खोल्यांतल्या लोकांकडे गाड्या किती असणार होत्या?"

"एकही नाही," मी म्हटलं.